टँकरच्या पाण्यातली कंबरमोडी

"संस्थेचा चहा पिऊ नको बाय. एकदा पिला की त्यांच्याच तोंडानं बोलावं लागतंय," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले होते. त्यांच्याकडं लेक ठेवून शिरूर कासारच्या वनौषधी महिला सहकारी संस्थेत गेले, सतरंजीवर बसले आणि चहा प्यायले.

संस्था महिलांची. अध्यक्ष सत्यभामाबाई, पण खुर्चीत त्यांचे यजमान माणिकराव. त्यांना माझं एम.एस्सी. हवं होतं. कॉलेजात असताना मी कंबरमोडीवर काम केलं होतं. बांधावर उगवणारी ती पिवळ्या फुलाची वनस्पती, कोयता लागला की आपल्याकडं तिचाच पाला चोळून लावतात. तो पाला सावलीत वाळवून मी अल्कोहोलमध्ये मुरवला, अर्क काढला, कागदाच्या चकत्या त्यात भिजवून वाळवल्या आणि जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं पडली होती. तेवढ्या जागेत जंतू वाढले नव्हते. एवढंच. बशीत पडलेलं वर्तुळ म्हणजे औषध नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं.

संस्थेनं जखमेवर लावायला कंबरमोडीचा अर्क विकायला काढला, आणि माणिकरावांनी त्या वर्तुळाचा फोटो बाटलीवर छापला. खाली मी, पांढऱ्या कोटात. त्याखाली 'प्रयोगशाळेत सिद्ध'.

"असं लिहू नका," मी म्हटलं होतं.

"कावून? तू केलं न्हाईस का सिद्ध? आपल्या गावची सून हाय, लोकांना अभिमान वाटू दे की."

मग वार्षिक सभा झाली. वर्तुळं मागच्या रांगेला दिसत नाहीत, म्हणून दुसरा प्रयोग करून दाखव म्हणाले. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले की ते पिवळं पडतं, यावरून अर्कात ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण किती ते मोजतात. मी थेंब टाकले. रंग उतरत गेला. बायका वाकून बघत होत्या.

"बघा, बघा," माणिकराव माइकवर म्हणाले, "भंडारा उधळल्यावानी पिवळं झालं. रोग असाच पळतोय."

"तुमच्या कपातला चहा टाकला तरी पिवळंच होईल," मी म्हटलं. जवळच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. माइक माणिकरावांच्या हातात होता.

तेव्हाच मनकर्णा उठली. ती विहाराच्या मागच्या गल्लीतली, आमच्याच वस्तीतली. पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर. "ताई, म्या तर टोळीसंगं ऊस तोडाया चाललेय. फडातच मोकळी होईन बगा. बाळाच्या नाळंला लावलं तर चालतंय का ह्ये?"

"नाळेला काहीही लावायचं नाही," मी म्हटलं. "कोरडी ठेवायची, आपोआप गळू द्यायची. आणि मोकळी फडात कशाला होतेस, दवाखान्यात जा."

पण माइकमधून तोवर उत्तर गेलं होतं. "चालतंय की. अन् सत्यभामाबाईंकडनं दोन बाटल्या जास्तीच्या घे, संस्थेची भेट." टाळ्या पडल्या. मनकर्णानं माझ्याकडं बघून मान हलवली. तिनं कुणाचं ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

यंदा पाऊस नाही. विहिरी तळाला गेल्या, वस्तीला दिवसाआड टँकर. दसरा झाल्याबरोबर टोळ्या ट्रॅक्टरांत बसून ऊसतोडीला गेल्या, आणि मुकादमांच्या हातून बाटल्यांची खोकीही गेली. नंतर मी संस्थेत उरलेली एक बाटली उघडली तर झाकण फुस्स करून उडालं. वास आंबट. मागच्या पडवीत गेले. निळ्या ड्रममध्ये ओला पाला टँकरच्या पाण्यात भिजत पडलेला, वर शेवाळी तवंग. ना वाळवणं, ना उकळणं, ना अल्कोहोल.

बाटली घेऊन बीडला कॉलेजात गेले. माझ्या जुन्या मॅडमनी ओळखीवर प्रयोगशाळेत जागा दिली. या वेळी बशीवर जंतू मी पसरले नव्हते, फक्त बाटलीतला एक थेंब पसरला. दुसऱ्या दिवशी बशीत बोट ठेवायला जागा नव्हती. ज्या जंतूंना मारायला ही बाटली विकली जात होती, ते तिच्यातच वाढत होते.

तडक माणिकरावांकडं गेले, बशी समोर ठेवली. "ह्या बाटल्या परत मागवा. आजच्या आज सगळ्या मुकादमांना फोन करा."

त्यांनी बशीकडं पाहिलंही नाही. "पाणी कुठनं आणू उकळायला? प्यायला न्हाई लोकांना."

"मग बनवायची नव्हती."

"लई शिकलीस तू. अगं, आपले लोक डबक्यातलं पाणी पिऊन मोठे झाले, काय हुतंय त्यांना?"

"नाळेवाटे गेलं तर काय होतं ते सांगू का? मनकर्णाच्या बाळाला?"

"कोन मनकर्णा?"

तिला दोन बाटल्या देणारा माणूस मला विचारत होता, कोण मनकर्णा.

"आणि एक ध्यानात ठेव," ते हळू आवाजात म्हणाले, "बाटलीवर फोटो तुजा हाय. माजा न्हाई."

"म्हणूनच आलेय," मी म्हटलं. "तुम्ही नाही मागवल्या तर मी मागवते."

मुकादमांना मीच फोन लावले. मनकर्णाचा फोन बंद आहे. तिचा मुकादम म्हणतो, टोळी फुटली, निम्मी माणसं दुसऱ्या कारखान्याला दिली, ती नेमकी कुठं ते त्याला ठाऊक नाही. पोलिसांत गेले, अर्ज घेऊन ठेवला. औषधं तपासणाऱ्या कचेरीत गेले, साहेब दौऱ्यावर. माझी लेक सात महिन्यांची आहे. तिला आंघोळ घालताना बेंबीवरून हात फिरला की माझा संताप डोक्यात जातो. एक कोरडं कापड पुरलं असतं. कापडाला ना टाळ्या पडतात ना त्यावर फोटो छापता येतो.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही सांगली-कोल्हापूरकडं, कृष्णाकाठी, कुठल्याही साखर कारखान्याजवळ राहत असाल आणि तुमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या असतील, तर एकदा जाऊन या. शिरूर कासारची मनकर्णा विचारा. डाव्या करंगळीचं पेर नाही तिला, कोयत्यानं गेलंय. तिला म्हणावं, बाटली ओतून टाक, ताईनंच सांगितलंय. तेवढ्यावर परतू नका. बाळाचा लंगोट सोडायला लावा. बेंबीभोवती लाली असेल, घाण वास येत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर तिथंच गाडी बघा आणि दोघांना सरकारी दवाखान्यात पोहोचवा.