सहा जानेवारीच्या मुली

मंडपाच्या बांबूला यादी डकवली होती आणि आमच्या संघातली चार नावं लाल पेनाने खोडलेली होती. सावळी, सोमी आणि त्यांच्याच डोंगरातल्या वाडीतल्या अजून दोघी. चौघींपुढे एकच शेरा, ‘वय जास्त’.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्यापासून आम्ही जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून शहापूरला आलो होतो. सोळा वर्षांखालच्या मुलींची कबड्डी. सावळी आमची चढाईची मुलगी, तीच नसेल तर आम्ही नुसत्या फोटोपुरत्या.

सावळी यादीकडे बघून वळली ती थेट माझ्याकडे.

“वाडीच्या आमी चौघी, चौघी गेल्या. तुमी बाजारगावातल्या सगळ्या राहिल्या.”

“मग माझ्याकडे काय बघतेस?”

“नावं कोणी भरली गो, सरांच्या मोबाइलवर?”

मी भरली होती. तेही मिरवत. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज बसायचा. यंदा शाळेत कंप्युटर आला आणि मला त्यातलं पटापट यायला लागलं, तशी मी बोलायलाच लागले. आता थांबत नाही, असं आई म्हणते. रवींद्र सर म्हणाले होते, संजीवनी, तुझा हात चालतो, तूच भर. आता तोच हात सावळी असा बघत होती, जणू त्याला काही लागलंय.

“दाखल्यावर होतं तेच टाकलं मी.”

“हां. तूच बोलतेस ते.”

सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “कंप्युटरने काढलंय, पोरींनो. मंडळाच्या हातात काही नाही.” हे ते खाली बघत म्हणाले. सकाळी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांबरोबर बसून पोहे खाल्ले होते त्यांनी, दोनदा. माझ्या डोक्यात लगेच संशयाचा किडा वळवळला.

मग मी यजमान संघाची यादी वाचली. दर्शना, शहापूरची सगळ्यात तगडी मुलगी, यादीत सगळ्यात वर. आणि यादी करणारा पंकजदादा तिचा सख्खा चुलतभाऊ, हे मघाच कानावर आलं होतं. झालं, मला चोर सापडला. मी सावळीचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, पण मागोमाग आली.

पंकजदादा स्टेजमागे लॅपटॉप घेऊन बसला होता. शेजारी अध्यक्ष कमळाकरकाका, खुर्चीत.

“दादा, हिची जन्मतारीख दाखव.”

“ताई, वेळ नाहीये. एक मार्च दोन हजार दहाच्या आधी जन्मलेल्यांना घेत नाही. प्रोग्रॅमच तसा लिहिलाय मी.”

“म्हणूनच दाखव.”

त्याने तोंड वाकडं करत लॅपटॉप फिरवला. सावळी, सहा जानेवारी दोन हजार दहा. सोमी, सहा जानेवारी. बाकीच्या दोघीही सहा जानेवारी.

“जानेवारीत?” सावळी म्हणाली. “आय सांगते मी भाताच्या लावणीला झाली. गुरुजींनी एक जून लिवली.”

आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरी तारीख लिहून ठेवलेली नसते, त्यांची गुरुजी शाळेत घालताना एक जून टाकून देतात. जून आला, शाळा उघडली, पोरगं जन्मलं.

पंकजदादा ताठ बसला. “म्हणजे दाखलेच खोटे. चौघींचा एकच वाढदिवस? जुळ्या आहात काय?”

आता संशय आमच्यावर. सावळीचे कान लाल झाले.

“माझा पण एक जूनच आहे रे,” कमळाकरकाका म्हणाले. “तुझ्या बापाचा पण. तो कुठे माझा जुळा आहे?”

तोवर मी स्क्रीनवर माझी तारीख शोधली होती. तेवीस एप्रिल, बरोबर. एकीची सतरा ऑगस्ट, तीही बरोबर. पण आमच्या संघातल्या वत्सलाची नऊ ऑक्टोबर होती, तिथे दहा सप्टेंबर दिसत होती. ती तशीही बसत होती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. मी नऊ आणि दहा बोटांवर उलटे करून पाहिले.

“दादा, हा लॅपटॉप कुणाचा?”

“वाशिंदच्या मित्राचा. तो अमेरिकेच्या कंपनीचं काम करतो.”

“तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. मी शून्य एक, शून्य सहा टाकलं, एक जून म्हणून. याने पहिला महिना वाचला, सहावा दिवस. माझ्या तारखेत तेवीस आहे. तेविसावा महिना नसतो, म्हणून तिथे त्याने गप दिवस धरला. वाडीच्या सगळ्या एक जूनच्या, म्हणून त्याच सापडल्या.”

सावळी माझ्याकडे बघत होती. राग होता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

“आधी दिवस, मग महिना, एवढं लॅपटॉपला सांग,” मी म्हटलं, “आणि सगळी यादी परत लाव.”

पंकजदादाने यादी वरखाली केली. एका ओळीवर थांबला, मग पटकन पुढे गेला.

“असं करू,” तो एकदम गोड बोलायला लागला. “तुमच्या चौघींची नावं मी हाताने घालतो. बाकीचं राहू दे. पहिली मॅच उभी राहिलीय.”

मी ती ओळ बघितली होती. दर्शना, दोन मे दोन हजार दहा. मी मनातल्या मनात उलटवली. पाच फेब्रुवारी. एक मार्चच्या आधीची.

त्याला हे आत्ता कळलं, की आधीपासून माहीत होतं? चेहऱ्यावरून काही समजेना. आता बोलले आणि त्याने चिडून चौघींना बाहेरच ठेवलं, तर सावळी मला जन्मभर सोडणार नाही.

“हाताने नको,” सावळीच म्हणाली. तिने ती ओळ पाहिली नव्हती. “उद्या आमी जिंकलो तर बोलतील, घुसवल्या. मशीनने काढलंय ना, मशीननेच घेऊ दे.”

“बरोबर आहे पोरीचं,” कमळाकरकाका म्हणाले. “सगळ्यांचं कर.”

पंकजदादा बराच वेळ बोटं नुसती फिरवत राहिला. मग त्याने केलं. वाडीच्या चौघी आत आल्या. दर्शनाची ओळ लाल झाली.

ती मागेच उभी होती, गुडघ्याला पट्टे बांधून. “दादा,” ती हळूच म्हणाली, “तू तर बोललास चालतंय.”

काकांनी पंकजदादाकडे पाहिलं आणि तो चार्जरची वायर नीट करायला लागला.

मैदानावर लोकांत कुजबुज सुरू झाली होती. मुरबाडची एक पोरगी आली आणि आमची दर्शना काढून गेली, म्हणे. दर्शना दोरीपाशी बसून माझ्याचकडे बघत होती. तिला जाऊन सगळं सांगावंसं वाटलं, पण शिट्टी झाली.

शहापूरची मुलगी चढाईला आली. सावळीने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

“तुज्याबद्दल माजं अजून काय क्लिअर नाय,” ती समोर बघत पुटपुटली. “ही सुटली ना संजे, तर मी समजंन तूच सोडलीस.”

मी वाकले आणि त्या पोरीचा घोटा धरला.