सुई तरंगेपर्यंत

वर्नानं स्वतःच्या डाव्या हातावर काळ्या मार्करनं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत, मोठ्या छापील अक्षरांत, आणि खाली जन्मतारीख. सकाळी पोलीस येऊन गेला होता. बेट सोडायला जे तयार नव्हते त्यांना तो एवढंच सांगत फिरत होता, की हातावर नाव लिहून ठेवा, वादळानंतर ओळख पटवायला बरं पडतं. बाकीचे लोक हे ऐकून निमूट गाडीत बसले. आमच्या बाईंनी त्याच्याकडूनच मार्कर मागून घेतला.

"अक्षर बरं आलंय ना?" तिनं दारातच हात पुढे केला.

"वर्ना, पूल चार वाजता बंद होणार आहे. वारा वाढला तर त्याच्याही आधी. साडेबारा वाजलेत. तुझी पिशवी कुठाय?"

"कसली पिशवी? तू आत ये आधी, लायल. फळ्या ठोकायला आलायस की भांडायला?"

वर्ना अठ्ठ्याहत्तरची, मी एकाहत्तरचा. नातं काही नाही. दोघांनीही उमेदीची वर्षं एकाच संस्थेला वाहिली, तिनं एकतीस आणि मी सव्वीस. संस्थेचं नाव इथे घेत नाही. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर ते न घेताही लोकांना कळतं, आणि घेतलं की माझंच तोंड कडू होतं. शरीर म्हणजे नुसता अंगरखा, आतला जीव अब्जावधी वर्षांचा, ग्रहाग्रहांवरून फिरून आलेला, आणि शिकवणुकीच्या पायऱ्या चढत गेलं की तो शरीराबाहेर पडून वाटेल ते करू शकतो, असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही पुढे शेकडो लोकांना शिकवलं. अब्ज वर्षांच्या सेवेच्या करारावर मी एकोणिसाव्या वर्षी सही केली. त्या वयात माणूस मोटारसायकलसुद्धा नीट निवडत नाही.

बाहेर पडलेले आम्ही सहा-सात जण दर मंगळवारी पॅनकेकच्या दुकानात जमतो आणि सगळ्याची टिंगल करतो. कोण मागच्या जन्मी अंतराळयानाचा कप्तान होता, कोण रोमन सरदार. झाडूवाला कोणीच नव्हता, हे विशेष. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. प्रत्येकानं एकेक गोष्ट गुपचूप खिशात राखून ठेवलेली असते. आमचा ड्वेन अजून गाडी लावायची जागा मनाच्या जोरावर मोकळी करून घेतो. हसत सांगतो, पण करतो. माझ्याकडे असं काही उरलं नाही, मी कोरा आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

वर्नानं राखलं होतं ते वादळ.

अडतीस वर्षांपूर्वी असंच एक मोठं वादळ आमच्या तोंडासमोर येऊन समुद्रात उभं राहिलं होतं. दोन दिवस हललं नाही. संस्थेतल्या वरच्या पायऱ्यांवरचे चौदा जण जुन्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बसले आणि मनानं त्याला ढकलू लागले. वर्ना त्यांच्यात सगळ्यात पुढे होती. शेवटचं सत्र तिचं झालं, आणि तासाभरात वादळानं तोंड फिरवलं. तिचा सत्कार झाला, फोटो लागला. नवऱ्याला ते पटेना, म्हणून पुढे तिनं त्याला सोडलं. मुलगा कीथ अजून संस्थेतच आहे, अकरा वर्षांत त्यानं तिचा फोन उचललेला नाही. संस्थेतलं सगळं खोटं होतं हे ती मान्य करते, पण ते एक सोडून.

आणि आता तसंच वादळ तशाच ठिकाणी आलं होतं.

"मी गेले तर त्याला अडवणार कोण?" तिनं मला कॉफी ओतत विचारलं. कॉफी गारढोण होती, वीज सकाळीच गेली होती. "तुम्ही पळा सगळे. मी एकदा केलंय, पुन्हा करीन. फक्त मला शांत बसू दे."

"पाणी बारा फूट चढणार आहे. तुझं घर जमिनीला टेकलेलं आहे, छताला हात पोचतो माझा. कुठे बसणार आहेस शांत?"

"ओरडू नकोस. तू ओरडलास की माझं लक्ष उडतं आणि ते पुढे सरकतं."

हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. मी समजावलं, चिडलो, गयावया केली, खांद्याला धरून उठवायलासुद्धा गेलो. तिनं टेबलाची कड धरली आणि असं पाहिलं माझ्याकडे की मी हात काढून घेतला. दीड वाजला. बाहेर शेजाऱ्याच्या नारळाची झावळी अंगणात येऊन पडली. त्या धास्तीत मला एक युक्ती सुचली.

"यंत्र आहे का गं तुझ्याकडे अजून?"

तिचा चेहरा उजळला. पलंगाखालून तिनं पेटी काढली. आत ते निळं यंत्र, काचेमागे बारीक सुई, आणि वायरींना जोडलेले दोन पत्र्याचे डबे. डबे हातांत धरायचे, समोरच्यानं प्रश्न विचारायचे आणि सुई वाचायची. सुई अडली की मनात काही अडलंय, सुई सैल होऊन अलगद डुलायला लागली की ती तरंगली, काम फत्ते. आमचा पहिला नियम हाच, की सुई तरंगल्याशिवाय सत्र संपवायचं नाही, मग सहा तास लागोत की सोळा. मी सव्वीस वर्षं हेच केलं. माणसांसमोर बसून सुया वाचल्या. बाहेर पडलो त्या दिवशी शपथ घेतली होती की पुन्हा त्या यंत्राला हात लावणार नाही.

माझा बेत असा, की सत्र घ्यायचं, सुई तरंगली म्हणून सांगायचं, वादळ फिरलं म्हणायचं, आणि समाधानानं उठलेल्या बाईला गाडीत घालायचं.

बॅटरी अजून जिवंत होती. वर्नानं डबे धरले, डोळे मिटले. माझा आवाज आपोआप तो जुना झाला, सपाट आणि गोड. मला त्याची किळस आली.

"वादळ कुठे आहे?"

"समोर. नैर्ऋत्येला."

"त्याच्याकडे बघ. काय दिसतं?"

चाळीस मिनिटं गेली. मी सुईकडे बघतही नव्हतो, माझं लक्ष घड्याळाकडे होतं. शेवटी म्हणालो, "वर्ना, सुई तरंगतेय."

तिनं डोळे उघडले. गालांवरून पाणी वाहत होतं. इतका सुंदर चेहरा मी तिचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"फिरलं?"

"फिरलं."

"मग झालं तर!" ती उठली आणि खिडकीवरची फळी काढायला लागली. "आता कशाला जायचं? बस निवांत. सूपचा डबा फोडते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्यासारख्याच माणसाच्या हातून ही चूक होऊ शकते. दुसरा कोणी असता तर त्यानं तिला उचलून नेलं असतं.

अडीच वाजले होते. मी तिच्या हातातून फळी काढून घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं. आता माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती. ती मी अडतीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

"त्या वेळी तुझं शेवटचं सत्र कोणी घेतलं होतं?"

"तूच की. विसरलास?"

"सुई तरंगली नव्हती, वर्ना."

ती हसली. "काहीतरी बोलू नकोस."

"अडली होती. शेवटपर्यंत अडलेली होती. मी तीस तास झोपलो नव्हतो, पोटात काही नव्हतं. खाली जेवणाची वेळ संपत आली होती. तरंगल्याशिवाय उठता येत नव्हतं, म्हणून मी कागदावर लिहिलं की तरंगली. आणि जेवायला गेलो. भात आणि घेवडा होता. मी खात असताना बातमी आली की वादळ फिरलं."

"आणि आत्ताची?"

"आत्ताची मी पाहिलीच नाही."

वाऱ्यानं पत्रा वाजत होता. तिनं डबे टेबलावर ठेवले, वायरी नीट गुंडाळल्या, पेटी बंद केली. सगळं सवयीनं. मग म्हणाली, "माझी औषधं बाथरूममध्ये आहेत. निळी थैली."

मी थैली आणली. ती गाडीत येऊन बसली. बसताना दाराला कुलूपसुद्धा लावलं नाही. सव्वातीनला आम्ही पूल ओलांडला. मी तिचा जीव वाचवला होता आणि शेजारी बसलेल्या बाईत जीव नव्हता.

आतल्या भागातल्या एका शाळेत आसरा उघडला होता. तिथे पोचायला सात तास लागले, कारण अख्खा किनारा रस्त्यावर आला होता. व्यायामशाळेत खाटा, कुत्री, रडणारी पोरं. वर्ना खाटेवर कुशीला वळून पडून राहिली. मी दोनदा पाणी विचारलं, तिनं मान हलवली नाही.

सकाळी जेवणघरातल्या टीव्हीपुढे गर्दी होती. वादळ आमच्याकडे आलंच नव्हतं. अगदी शेवटी ते उत्तरेला सरकलं आणि तिथल्या ‘पर्डी की’ नावाच्या कोळ्यांच्या गावावर गेलं. गाव सोडायचा हुकूम तिथल्या लोकांना उशिरा मिळाला होता. पडद्यावर छपरं नव्हती, घरं नव्हती, रस्त्यात होड्या आडव्या पडल्या होत्या. एकोणीस माणसं बेपत्ता. आमच्या बेटावर दोन फूट पाणी, बाकी सगळं ठीक. माझ्यामागे कोणीतरी म्हणालं, "वाचलो बाबा."

वर्ना कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"मी जागा सोडली," ती म्हणाली.

"काय?"

"काल सुई तरंगलेली तू पाहिलीच नाहीस, तूच म्हणालास. म्हणजे काम अर्धं राहिलं होतं. मी धरून ठेवलं होतं त्याला, आणि अर्ध्यात सोडून उठले." ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. "ते सुटलं आणि त्यांच्यावर गेलं."

"वर्ना, हवामान आहे ते. हवेचा दाब, समुद्राचं पाणी. तू, मी, कोणी काही केलं नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही."

"एकोणीस, लायल."

"तुझा काही संबंध नाही!"

"यंत्र आणलंस का?"

"नाही."

तिच्या हातावरचं नाव घामानं पसरलं होतं, तरी वाचता येत होतं. आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं की ही शक्ती खरी मानली की जगात जे जे वाईट घडेल ते आपल्या खात्यावर येतं. नवरा आजारी पडला तर तू काय करत होतीस? मुलगा बोलत नाही तर तू काय चुकलीस? सत्कार एकदाच होतो, आणि गुन्हा मात्र रोजचा. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ती पाठ ताठ करून उभी होती.

आणि तेव्हा मला ते आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतोच, तिकडे बघायचं टाळत होतो. काल रस्त्यावर, सात तास, ती खिडकीकडे तोंड करून बसली असताना मी स्टिअरिंग धरून मनात एकच गोष्ट करत होतो. वर सरक. आमचं सोड. वर जा. नुसती प्रार्थना नव्हे. आम्हाला शिकवलं होतं तशी, कपाळाच्या मध्यातून, एकेक श्वास देऊन, हातानं जड कपाट ढकलावं तशी. आणि अंधार पडता पडता ते हललं. मला ते हलल्याचं जाणवलं. मी कोरा नव्हतो. माझ्याही खिशात होतं, आणि सगळ्यात मोठं माझंच होतं.

"तू नाही, वर्ना," मी म्हणालो. "मी ढकललं ते. गाडीतून. उत्तरेला."

तिचं समाधान व्हावं म्हणून बोलायला तोंड उघडलं होतं. वाक्य संपलं तेव्हा मला कळलं, की मी खोटं बोलत नव्हतो.

तिनं पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला हाताला धरून कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं, समोरासमोर बसवलं, आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, डबे धरतात तसे.

"वादळ कुठे होतं?" तिनं विचारलं. तोच आवाज, सपाट आणि गोड.

"समोर," मी म्हणालो. "नैर्ऋत्येला."

"त्याच्याकडे बघ. काय दिसतं?"

मी डोळे मिटले आणि सांगायला लागलो. आमच्यामध्ये यंत्र नव्हतं, सुई नव्हती, आणि ती तरंगल्याशिवाय आम्हाला तिथून उठता येत नव्हतं.