पोटातले सूर

मी शाळेच्या सभागृहातला पियानो बोलतोय. वाजायची वेळ वर्षातून एकदाच येते, वार्षिक समारंभाला. एरवी माझ्या डोक्यावर हजेरीपट, चहाचे कप आणि कुणाकुणाच्या विसरलेल्या छत्र्या असतात. पाहुणे आले की मुख्याध्यापक मला थोपटून सांगतात, "आमच्याकडे संगीताला फार महत्त्व."

एकतीस वर्षं एकाच गृहस्थांनी माझे सूर लावले. यंदा मात्र ते खुर्चीत बसून राहिले आणि तारा पिळायची किल्ली त्यांनी सुनेच्या हातात दिली. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम.

मुख्याध्यापक फोन घेऊन तिच्या शेजारी ठाण मांडून उभे राहिले. फोनमध्ये सूर मोजणारा काटा होता. वरच्या सप्तकात काटा मध्य सोडून पुढे सरकला.

"चढलाय," ते म्हणाले.

"थोडा चढाच लागतो, सर." तिने खालची एक पट्टी आवाज न करता दाबून धरली, आणि त्या पट्टीहून एक सप्तक वरची पट्टी ठोकून लगेच सोडली. ठोकलेली तार गप्प झाली, पण खालच्या तारेतून बारीक सूर येत राहिला. "एका तारेच्या पोटात असे बरेच उपस्वर असतात. तार ताठ, म्हणून ते हिशेबापेक्षा जरा चढे निघतात. वरची पट्टी त्यांच्याशी जुळवायची."

"म्हणजे ठरवून चूक करायची? काटा मध्यावर आणा. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघावं लागेल."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. तिने सगळं वरचं सप्तक काट्याबरहुकूम उतरवलं आणि तोच सूर वरखाली दोन्ही सप्तकांत एकदम वाजवला. दोन्ही आवाज एकजीव न होता डुगडुगत राहिले.

"आता कसं शुद्ध," मुख्याध्यापक म्हणाले.

कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या संगीताच्या बाईंनी मान वर केली. "हे असंच राहणार असेल तर समारंभात फोनच वाजवा. मी वाजवायला बसणार नाही."

मुख्याध्यापकांना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं. "करा तुमच्या मनासारखं. पण मी सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा."

तिने सगळं पुन्हा लावलं. शेवटी सासरे उठले. माझी पहिली पट्टी त्यांनी बाहेर काढली. तिच्या लाकडावर दर वर्षीची तारीख ते स्वतःच्या हाताने लिहीत. त्यांनी पेन्सिल सुनेपुढे धरली.

"तू लिही. वरचे सूर मला दोन वर्षं ऐकूच येत नाहीत."

"मग गेल्या दोन वेळा कसे लावलेत, बाबा?"

"अंदाजाने."

त्याच दोन्ही वर्षी मुख्याध्यापकांनी भाषणात माझ्या सुरांची तोंडभरून स्तुती केली होती. सुनेने तारीख घातली. त्याखाली आपलं नाव लिहिलं.

आता माझं वय झालंय. मागणं एकच. कधी या, एक पट्टी दाबा, आणि सूर पुरता विरेपर्यंत बोट उचलू नका.