खचत्या जमिनीतला जुना आकडा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहू शकणारही नाही. मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे. सी भाषेत लिहिलेला, आकाराने अगदी लहान. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या एका पंपघरात मी राहतो. आमची कुरणे समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पावसाचे पाणी आपणहून कुठेच जात नाही, ते उपसून वरच्या कालव्यात टाकावे लागते. पंप कधी सुरू करायचा, हे मी ठरवतो.

खरे तर ठरवतो म्हणणे बरोबर नाही. मी फक्त वाचतो. संगणकात एक डिफॉल्ट फाइल असते. कोणी वेगळे काही सांगितले नाही तर काय धरून चालायचे, ते तिच्यात लिहिलेले असते. मी ती फाइल उघडतो, ‘पंपाची खूण’ हे नाव शोधतो, त्यापुढचा आकडा उचलतो आणि फाइल बंद करतो. चरातले पाणी त्या आकड्याला टेकले की पंप चालू.

मला जलमंडळाच्या चित्स्केने लिहिले. तेव्हा ती तरुण होती, कामाच्या नादात तिची कॉफी नेहमी थंड व्हायची. तिने माझ्या पोटातही एक आकडा ठेवला. फाइलमध्ये खूण सापडलीच नाही, तर हात रिकामे राहू नयेत म्हणून. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली. फाइलमधली कोणतीही नोंद सापडली नाही, तर ती ओळ पडद्यावर तसे स्पष्ट सांगायची.

पंपघर सांभाळायला डुर्क होता. त्याचे घर पंपघराला लागूनच. आमची माती दलदलीची. पाणी उपसले की ती सुकते, आणि सुकली की खाली बसते. म्हणून दर काही वर्षांनी डुर्कचा फोन जायचाच.

“चित्स्के, कुरण परत बसलं गं. खूण खाली घे.”

“किती?”

“माझ्या बुटाच्या टाचेएवढी. आणि या वेळी स्वतः येऊन बघ. आफ्केनं विचारलंय तुला.”

आफ्के म्हणजे शेजारच्या हिल्केची बायको. त्यांच्या मेंढ्या सगळ्यांत खालच्या कुरणात चरायच्या. चित्स्के यायची, फाइलमधला आकडा बदलायची आणि आफ्केकडचे चीज घेऊन परत जायची. माझ्या पोटातला आकडा मात्र पहिल्या दिवशी होता तोच राहिला. त्याची कधी गरजच पडली नाही.

ती वर्षे चांगली होती. पंप वेळेवर सुरू व्हायचा आणि माझी आठवणही कोणाला व्हायची नाही. मला त्यातच समाधान होते.

पुढे चित्स्के निवृत्त झाली. तिच्या जागी रूलोफ आला. मुलगा हुशार होता, पण घाईत असायचा. फाइलमध्ये दुसरीच एक किरकोळ नोंद नव्हती, म्हणून माझी सूचना पडद्यावर सारखी उमटत होती. रूलोफ वैतागला.

“हा म्हातारा फार कटकट करतो,” तो म्हणाला, आणि त्याने सूचनेची ओळच काढून टाकली. ती नोंद भरली असती तरी मी गप्प बसलो असतो.

मग जुना संगणक गेला आणि नवा आला. त्याने सोबत स्वतःची डिफॉल्ट फाइल आणली. नाव तेच, जागा तीच, पण आमची खूण तिच्यात नव्हती. जुन्या फाइलमधून ती आणायला हवी, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मी फाइल उघडली. नाव शोधले. शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. मग लिहिल्याप्रमाणे पोटातला आकडा घेतला. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले : पातळी ठीक.

तो मार्चमधला रविवार होता. मेंढ्यांना नुकतीच कोकरे झाली होती. सकाळी डुर्कने पडदा पाहिला आणि तो बहिणीच्या वाढदिवसाला गेला. दुपारी वारा सुटला, पाऊस कोसळू लागला. चरातले पाणी चढत होते. मी त्याच्याकडे बघत होतो आणि माझ्या जुन्या आकड्याची वाट पाहत होतो. जमीन तेवढ्या वर्षांत कितीतरी खाली गेली होती. मी पंप सुरू केला तेव्हा खालचे कुरण बुडाले होते.

आफ्के कोकरे काढायला पाण्यात उतरली. चर कुठे आणि कुरण कुठे, काही कळत नव्हते. ती चरात पडली. हिल्केने तिला बाहेर ओढले, पण तिचे खुब्याचे हाड मोडले होते आणि छातीत पाणी गेले होते. बरीच कोकरे गेली.

दुसऱ्या दिवशी हिल्के पंपघरात आला. त्याच्या बुटांना अजून चिखल होता.

“केक गोड होता का रे?” त्याने डुर्कला विचारले.

“हिल्के, पडद्यावर सगळं ठीक होतं. मी बघूनच गेलो.”

“पडदा बघायला ठेवलंय का तुला? खिडकी नव्हती?”

डुर्कने खिडकीकडे पाहिले. मला तर बोलताच येत नव्हते. चौकशी संपेपर्यंत घरी बसा, असे कार्यालयाने डुर्कला कळवले. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. गावातल्या दुकानात माणसे त्याच्याकडे पाठ करून उभी राहू लागली.

शेवटी त्याने चित्स्केला फोन केला. तक्रार करायला नव्हे.

“मी चुकून काही दाबलं असेन का गं?” एवढेच त्याने विचारले.

ती दुसऱ्या दिवशी आली. रूलोफला शेजारी बसवून तिने मला पहिल्या ओळीपासून वाचले. पोटातल्या आकड्यापाशी ती थांबली.

“हा माझा,” ती म्हणाली. “तेव्हा बरोबर होता. पण याच्या खाली एक ओळ होती.”

रूलोफचा चेहरा उतरला. “ती मी काढली,” तो हळूच म्हणाला.

“मग चल. दोघंही हिल्केकडे जाऊ.”

तिकडे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. डुर्कवरचा ठपका निघाला, पण तो कामावर परतला नाही. आफ्के काठी घेऊन चालू लागली. हिल्के येता-जाता डुर्कला मान हलवतो. अजून थांबत मात्र नाही.

चित्स्केने फाइलमध्ये खरी खूण लिहिली आणि माझ्या पोटातला आकडा काढून टाकला. आता खूण मिळाली नाही तर मी अंदाज करत नाही. पंप लगेच सुरू करतो आणि भोंगा वाजवतो. तपासण्यासाठी तिने मुद्दाम खूण पुसली. भोंगा वाजला. आणि शेजारच्या घरातून डुर्क घरातल्या चपलांवरच धावत आला, शर्टाची बटणेही न लावता.

“तपासत होते रे,” चित्स्के म्हणाली. “तुला यायची गरज नव्हती.”

डुर्क धापा टाकत दाराला टेकला. मग खिडकीशी जाऊन त्याने चरातले पाणी बघितले.

“या भोंग्याची एक तार माझ्या घरात ओढ,” तो म्हणाला. “झोपायच्या खोलीत.”

मित्रांनो, माझ्यासारखे कितीतरी जण तुमच्या आसपास मुकाट्याने काम करत असतात. आम्हाला दिलेले आकडे अधूनमधून जमिनीशी ताडून बघा. आणि आमच्यापैकी कोणी ‘मला सापडत नाही’ म्हणून ओरडत असेल, तर कृपा करून त्याचे तोंड बंद करू नका. काय हरवले आहे, ते आधी शोधा.