नळीच्या कडेने

पहिल्यांदा नळी काढली तेव्हा सायकलवाला खाली कॅन्टीनमध्ये चहा पीत होता. तो वर येईपर्यंत नळी परत आत गेली होती.

त्याच्या बायकोला न्यूमोनिया झाला होता, तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. आता न्यूमोनिया हटला होता, छातीचा फोटो स्वच्छ आला होता, म्हणून घशातली नळी काढली. छातीने काही तक्रार केली नाही. घशाने केली. नळी बाहेर येताच तो आतून सुजून आला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओठ निळे पडले, आणि डॉक्टरांची एकच धांदल उडाली.

"म्हणजे आपण होतो तिथेच आलो," सायकलवाला म्हणाला.

"नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "थोडे मागे गेलो."

मॅडम वयाने लहान होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. धीर द्यायचा नाही आणि घाबरवायचंही नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं. त्यांनी सांगितलं की आणखी एकदा प्रयत्न करू. या वेळीही घसा सुजला तर मात्र मानेला खालच्या बाजूने भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल.

"त्याने काय होईल?"

"श्वास चालेल. बोलता येणार नाही, निदान काही दिवस तरी."

"तिला बोलता येणार नाही?" सायकलवाल्याने विचारलं. "तुम्ही तिला ओळखत नाही."

दुकानात दोघांची सरळ वाटणी होती. हात याचे, तोंड तिचं. गिऱ्हाईक आलं की ती पुढच्या स्टुलावरून त्याची विचारपूस करायची, सायकलीचं दुखणं काढून घ्यायची, भाव ठरवायची, आणि मग मान न वळवता "अहो, मागचा ब्रेक" एवढंच म्हणायची. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं हेच तो विसरून गेला होता. ती दवाखान्यात आल्यावर पहिले काही दिवस त्याने एकट्याने दुकान उघडून पाहिलं. लोक यायचे, सांगायचे, तो मान डोलवायचा. लोक थोडा वेळ उभे राहायचे आणि सायकल घेऊन निघून जायचे. मग त्याने कुलूप लावलं.

दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. "तुमचा धंदा काय?"

"सायकली. पंक्चर काढणं, बाकीची दुरुस्ती."

"मग तुम्हाला लवकर कळेल." त्यांनी सांगितलं की नळीच्या आतल्या टोकाला एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीच्या भोवतीची जागा बंद होते आणि मशीनची हवा थेट फुप्फुसात जाते. "आज आम्ही तो फुगा जरा वेळ रिकामा करू, आणि बाजूने हवा जाते का बघू."

तेवढ्यात पलीकडच्या बेडवरचं मशीन बोंबलायला लागलं आणि मॅडम तिकडे पळाल्या. कुठलं उत्तर चांगलं आणि कुठलं वाईट, हे सांगायचं राहून गेलं. सायकलवाल्याला ते विचारायची गरजच वाटली नाही. हवा जाते का बघणं यावर तर त्याचं घर चाललं होतं.

मॅडम परत आल्या. सिरिंजने फुगा रिकामा केला, बायकोच्या तोंडाशी कान नेला, मशीनवरचे आकडे पाहिले. सायकलवाला बेडच्या पायथ्याशी उभा होता.

"काहीच जात नाहीये," मॅडम सिस्टरला म्हणाल्या.

सायकलवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो बाहेर आला आणि त्याने आधी लेकीला फोन लावला.

"टेस्ट झाली. हवा अजिबात जात नाही."

"बाबा, पण ते चांगलं असतं का?"

"हवा जात नाही ते वाईट कसं असेल? माझं आयुष्य गेलं यात."

मग त्याने मोठ्या भावाला कळवलं, दुकानाच्या घरमालकाला कळवलं, आणि बायकोच्या धाकट्या भावाला कळवलं. हा मेहुणा फर्निचरच्या दुकानात सेल्समन होता आणि उरलेला वेळ जिममध्ये असायचा. तो ताईच्या चपला, घरातला गाउन आणि शाल घेऊन धावतच आला.

"कधी सोडतायत, भाऊजी?"

"आज-उद्या. एकदम फिट आहे. थेंबभर हवा जात नाही."

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी चपलांची पिशवी पाहिली, दोघांचे चेहरे पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"काका, हवा जायला पाहिजे होती."

"जायला?" सायकलवाल्याने विचारलं.

"फुगा रिकामा केल्यावर नळीच्या कडेने हवा बाहेर यायला हवी. येत नाही म्हणजे कडेला जागाच नाही. घसा सुजून नळीला धरून बसलाय. आता नळी ओढली तर मागच्या वेळेसारखंच होण्याची भीती आहे."

"म्हणजे वाईट."

"वाईट."

मग त्याला सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले. हवा गळत नाही ही वाईट बातमी आहे, असं तो जन्मात पहिल्यांदाच कोणाला सांगत होता. घरमालकाला ते काही केल्या पटेना. शेवटी "तुम्ही दुसऱ्या डॉक्टरला दाखवा" असा सल्ला देऊन त्याने फोन ठेवला.

मॅडमनी पुढचं ठरवलं होतं. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची. आत्ता सकाळीच पहिलं, मग काही तासांच्या अंतराने पुढची. औषधाला काम करायला तेवढा अवधी लागतो, नळी काढायच्या तोंडावर देऊन उपयोग नाही. संध्याकाळी पुन्हा फुगा रिकामा करून बघायचं आणि मग नळी.

"स्टिरॉइड?" मेहुणा म्हणाला. "मॅडम, आमच्या जिममध्ये एकाने घेतलं. दंड एवढे झाले की शर्टाच्या बाह्या उसवल्या."

"ते वेगळं. याने दंड फुगत नाहीत. सूज उतरते."

"त्याचे केसपण गेले."

"ते वेगळं," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

सायकलवाल्याला दंडांचं काही नव्हतं. "शुगर वाढेल ना याने?"

"वाढेल. इन्शुलिन वाढवू."

"मग नको."

बायकोची शुगर हा त्याचा दुकानाबाहेरचा एकमेव धंदा होता. तिच्या चहात साखर किती, बिस्किटं किती, शेजारणीने हातावर काय ठेवलं, सगळ्यावर त्याची नजर असे. बाकी कशावरही न बोलणारा माणूस शुगरवर मात्र सुटायचा.

"तुमचं नको मी ऐकलं," मॅडम म्हणाल्या. "शुगर वाढली तर ती उतरवायचा उपाय माझ्या हातात आहे. घसा बंद झाला तर उपाय मानेतून आहे. आणखी काही कारण असेल तर सांगा."

"तिच्या अंगाला सोसलं नाही तर? जन्मात कधी घेतलेलं नाही तिने."

मेहुणा खोकला. पिशवीतली शाल काढून त्याने पुन्हा नीट घडी घातली.

"घेतलंय," तो म्हणाला.

"काय?"

"स्टिरॉइड. ताईने. गुडघा धरला होता ना तिचा, तेव्हा. मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरने गुडघ्यात इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की थोडे दिवस शुगर वर जाईल."

सायकलवाल्याला तो काळ चांगला आठवत होता. शुगर एकाएकी चढली होती. ही चोरून बिस्किटं खाते असं धरून त्याने बिस्किटांचा डबा उचलला आणि दुकानातल्या पान्यांच्या पेटीत कुलूपबंद केला. वर रोज जेवताना प्रवचन. ती मान खाली घालून ऐकत होती. तिचं ते ऐकून घेणं पाहून त्याची खात्रीच पटली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही भाषण दिलं असतं, भाऊजी."

"ते तर मी दिलंच."

"हो, पण बिस्किटांवर दिलं. ताई म्हणाली, बिस्किटांवरचं मला पाठ आहे, त्याला वेळ कमी लागतो."

मॅडमनी हसू दाबलं. "त्या इंजेक्शननंतर काही त्रास झाला? पुरळ, चक्कर, धाप?"

"शुगर वाढली आणि डबा गेला," मेहुणा म्हणाला. "बाकी गुडघा झकास."

सायकलवाल्याने मेहुण्याच्या हातातली शाल घेतली आणि पिशवीत कोंबली.

"द्या," तो म्हणाला.

पहिलं इंजेक्शन गेल्यावर त्याला आत सोडलं. बायको जागी होती. तोंडात नळी, गालावर पट्ट्या, डोळे टक्क उघडे. ती त्याच्याकडे बघत होती. त्याने जे होतं ते सांगितलं.

"गुडघ्याचं कळलं मला."

तिने पटकन डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. तिला सोंग कधीच जमत नसे, पापण्या हलायच्या. आजही हलत होत्या.

दिवसभर शुगर चढत राहिली. सिस्टर दर वेळी आकडा सांगायची आणि इन्शुलिन वाढवायची. सायकलवाला आकडा गिळून बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा. दुपारी मेहुण्याने बिस्किटाचा पुडा आणला. सायकलवाल्याने एक बिस्कीट घेतलं आणि नुसतं हातात धरून ठेवलं, इतका वेळ की ते मऊ पडलं.

संध्याकाळी मॅडमनी पुन्हा फुगा रिकामा केला. या वेळी कान जवळ न्यायची गरजच पडली नाही. बायकोच्या तोंडातून बुडबुड, फुस्स असा आवाज आला आणि हवा निसटतेय म्हणून मशीन ओरडायला लागलं. पंक्चरचा असाच आवाज ऐकून सायकलवाल्याने आजवर हजारदा कपाळाला आठ्या घातल्या असतील. आता त्याने बेडची दांडी घट्ट धरली.

"गळतंय," तो म्हणाला.

"छान गळतंय," मॅडम म्हणाल्या. "तरी शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. तुम्ही त्या कोपऱ्यात थांबा. चहाला जाऊ नका."

सिस्टरने तोंडातली थुंकी ओढून घेतली, पट्ट्या सोडवल्या. "काकू, मोठा श्वास घ्या. आता जोरात खोका." नळी बाहेर आली. वाटली होती त्यापेक्षा ती बरीच लांब होती. बायको खोकली, ओकारी आल्यासारखं झालं, पुन्हा खोकली. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसला. मॅडमनी स्टेथोस्कोप छातीला न लावता गळ्याला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. दुसऱ्या नळीचं सामान बाजूच्या ट्रॉलीवर उघडं मांडून ठेवलं होतं. मेहुणा काचेबाहेरून बघत होता, काचेला नाक लावून.

मॅडमनी स्टेथोस्कोप काढला. "सध्या तरी शिट्टी नाही," त्या म्हणाल्या.

ती शिट्टी मग आलीच नाही. बायको गेली ती पुढच्या वर्षी, हृदयाने, घरी, चहा गाळता गाळता, वाक्य अर्धं ठेवून. घशाचा त्यात काही संबंध नव्हता. सायकलवाल्याने दवाखान्यात जाऊन मॅडमना तसं मुद्दाम सांगितलंही. त्यांना उगाच काही वाटायला नको म्हणून.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तो स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला होता आणि मॅडम पुन्हा पुन्हा येऊन गळ्याला कान देत होत्या. शेवटी त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"काकू, कसं वाटतंय? दोनच शब्द बोला. जास्त नको."

बायकोने घसा साफ केला. आवाज निघाला तो कोणीतरी पत्रा घासतंय असा. पण निघाला.

"त्या पलीकडच्या बाईंना सांगा," ती सायकलवाल्याला म्हणाली, "त्यांचा मुलगा खोटं बोलतो."

"काकू, दोन शब्द," मॅडम म्हणाल्या.

"रोज येऊन बसतो म्हणे बाहेर. कुठला बसतोय. परवा आला, फोनवर कोणाला तरी म्हणाला, मी गावाला आहे. मी इथे पडल्या पडल्या सगळं ऐकलंय. आणि ती दुपारची सिस्टर आहे ना, ती बिचारी..."

"अगं, हळू," सायकलवाला म्हणाला. "मॅडम काय म्हणतायत ऐक."

ती ऐकत नव्हती. दुपारच्या सिस्टरच्या सासूवर आली होती. सायकलवाल्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोकं तिच्याजवळ झुकवलं. सासूचं काय झालं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ती एक वाक्य संपवून दुसऱ्यासाठी श्वास आत घ्यायची, तेवढाच तो ऐकत होता.