डाव्या बटणाची पाचर

प्रशिक्षण केंद्रात आमच्या तुकडीत अकरा जण, आणि बहुतेक जण कामातून कधी ना कधी गळालेले. एक तुरुंगातून सुटलेला, एक बहिरी बाई, एक दारू सोडून आठ महिने झाले हे दिवसातून आठदा सांगणारा. मी कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर सतरा वर्षं काढलेला, पण गेली तीन वर्षं मशीनला हात न लावलेला. आणि माझी मेहुणी, जिने संसारापलीकडे कधी नोकरी केली नव्हती. आमची दोघांची नावं माझ्या बायकोने घातली. "घरात भिंती बघत बसण्यापेक्षा जा," ती म्हणाली. तिला काय सांगू, मला त्या भिंतीच बऱ्या होत्या.

शिकवणारे मास्तर भले गृहस्थ, पण प्रत्येक गोष्ट गोड करून सांगायची खोड. मुलाखतीच्या सरावात त्यांनी मला विचारलं, "आधीचं काम का सोडलं?"

"मशीनमध्ये हात चिरडून माझा साडू मेला."

"असं नको. नव्या संधीच्या शोधात होतो, असं म्हणा."

सगळे हसले. मेहुणीसुद्धा हसली, आणि मेला होता तो तिचा नवरा.

शेडच्या टोकाला सरावाचा प्रेस होता. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, डावं आणि उजवं बटण एकदम दाबायचं, की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो. दोन बटणं अशासाठी, की हात आत असताना मशीन चालूच नये. हे मास्तर रोज सांगायचे. मी मान डोलवायचो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मला शिट्टी ऐकू यायची. साडू काम करताना शिट्टी वाजवायचा, बेसूर, तीच एक ओळ. ओळ अर्ध्यावर यायची आणि तुटायची. इतर कुणाला ऐकू येते का म्हणून मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. एकदा तर बहिऱ्या बाईचाही पाहिला.

परीक्षा म्हणजे दहा मिनिटांत चाळीस नग. जमले तर सोमवारपासून कारखान्यात नोकरी. आदल्या दिवशी मेहुणीचे एकतीस झाले, तिसऱ्यांदा एकतीसच. चहाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली.

"भावोजी, तुम्ही जुने खेळाडू. काहीतरी युक्ती असेलच की."

"नाही गं. सवयीचं काम आहे ते."

"सांगा हो. नाही जमलं तर पोरीचं कॉलेज बंद करून तिला कामाला लावावं लागेल. ह्यांच्यासारखी घाई नको म्हणून मी जपून करते, तर हातच उचलत नाही." तिने कप खाली ठेवला. "मला एक कळत नाही. एक हात आत असताना माणूस दोन्ही बटणं दाबेल कशी? चौकशीवाले म्हणाले, कोपर लावलं असेल. इतका कसा वेंधळा माणूस!"

मशीन बंद होतं. शिट्टी चालू होती.

युक्ती माझ्या खिशात होती. तीन वर्षं होती. लाकडाची पाचर, करंगळीएवढी, तेलाने काळी पडलेली. नुसती तिच्या हातावर ठेवली असती तरी तिचं काम झालं असतं. क्षणभर तसंच करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी ती टेबलावर ठेवली. "डावं बटण दाबून फटीत ही ठोकायची. ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने पत्रा, एका हाताने ठोका. चाळीस सहज होतात."

"अगंबाई! आणि इतके दिवस मूग गिळून बसलात?" तिने हसत पाचर उचलली.

तिच्या बोटांत ती बघवेना. "त्या दिवशी ही बटणात होती," मी म्हणालो. "माझी पाळी संपली आणि मी काढायला विसरलो. माझ्यानंतर तो बसला. त्याने घाई केली नाही. कोपरही लावलं नाही. ओरडणं ऐकून मी उलटा धावलो, आधी ही काढून खिशात घातली. मग त्याला धरलं."

"आधी ही?"

"हो."

"तीन वर्षं मी पोरीसमोर त्यांना वेंधळे म्हणतेय," ती म्हणाली. मला वाटलं, कानाखाली मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती पाचर मुठीत घेऊन उठून गेली.

परीक्षेत तिचा नंबर माझ्या आधी होता. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ठोके भराभर पडत होते, कालच्यासारखे चाचरत नव्हते. "एक्केचाळीस!" मास्तर ओरडले आणि आकडा लिहायला आत गेले. ती माझ्याकडे न बघता शेजारून गेली.

मी बसलो. डाव्या बटणाकडे नुसती मान वळवली असती तरी पाचर आहे की नाही ते दिसलं असतं. मी वळवली नाही. डाव्या हाताने पत्रा आत ठेवला, हात तिथेच राहू दिला, आणि उजवं बटण दाबलं.

काही झालं नाही.

ती दारात उभी होती. पर्समधून पाचर काढून तिने मला दाखवली.

"तपासलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"ह्यांनीही नव्हतं तपासलं. आधी बसलेला घरचाच होता ना."

ती गेली. मास्तर घड्याळ घेऊन परत आले आणि म्हणाले, करा सुरू. मी दोन्ही तळवे बटणांवर ठेवले. चाळीस नग काढायचे होते.