तिसऱ्या ओळीआधीचा श्वास

आईची भूमिका आता तीनजणी करून पाहत होत्या, आणि आप्पांना त्यांतली एकही पसंत नव्हती.

नाटक होतं 'संगीत मेघावती'. मंगळवार पेठेतल्या आमच्या नाट्यमंडळानं ते इतक्या वर्षांनी पुन्हा बसवायला घेतलं होतं. पूर्वी मेघावती आई व्हायची आणि ऑर्गनवर आप्पा, म्हणजे माझे वडील, असायचे. मी दोन वर्षांची असताना आई गेली. मला तिचा आवाज माहीत आहे तो फक्त कॅसेटमधला. एमएस्सीची परीक्षा संपल्यावर मी रोज आप्पांबरोबर तालमीला जाऊन बसायला लागले. तिघींपैकी एखादीत ती थोडी तरी ऐकू येईल, असं वाटायचं.

संयोगिताची तान स्वच्छ, एकेक स्वर सुटा दाखवणारी; पण नवऱ्याला निरोप देतानाही ती परीक्षकांसमोर बसल्यासारखी गायची. स्वप्नालीचं गाणं बेताचं, पण ती नुसती ओठ मिटून उभी राहिली तरी हॉल गप्प व्हायचा. शिरोळहून येणाऱ्या स्नेहलचा आवाज जरा खरखरीत होता. तो वरच्या षड्जाला लागला की मात्र मी सावरून बसायचे. तिथं कॅसेटमधल्या आईसारखं काहीतरी होतं.

निरोपाच्या पदात तिघीही एकाच ठिकाणी अडखळायच्या. दुसरी ओळ संपली की ऑर्गन क्षणभर थांबायचा, आणि गाणारी पुढं निघून गेलेली असायची.

"अगं, थांब की तिथं!" आप्पा ओरडायचे. "पळतीयास कुठं? एस्टी चुकतीया व्हय?"

"काका, चालीत थांबायचं न्हाईच की," स्नेहल एकदा म्हणाली.

"मला शिकीवतीस? ह्या आदितीच्या आईनं कसं म्हटलंय ते ऐक जा," आप्पा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. मग ते दिग्दर्शक गणपतरावांकडे वळले. "ह्यास्नी जमत नसंल तर मी न्हाई वाजवत. दुसरा बघा."

"दुसरा कुठला आणू, सम्मेदराव? ऑर्गन तुमचा हाय," गणपतराव म्हणाले. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या दिवशीही ते तालीम मध्येच सोडून घरी गेले, मी मागं थांबले. स्नेहलनं मोबाइलवर तानपुरा लावला आणि तेच पद म्हटलं. कुठंच अडखळली नाही. मी संयोगिताला म्हणायला लावलं, मग स्वप्नालीला. तिघींचंही पद सरळ गेलं. गाणारी बदलली तरी चूक तीच राहत होती, आणि आप्पा उठून गेले की चूकही जात होती.

घरी आईच्या दोन कॅसेट आहेत. आप्पा नेहमी शेवटच्या प्रयोगाचीच लावतात. जुनीत खरखर फार. मी जुनी लावली. त्यात आई दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर सरळ जात होती. मग शेवटची लावली. तिथं ती थांबली होती. आवाज वाढवल्यावर श्वास ओढलेला ऐकू आला. ऑर्गन त्या श्वासासाठी थांबला होता.

"आप्पा, शेवटच्या प्रयोगाला आई आजारी होती?"

"आजारी कशाची? तू पोटात हुतीस. जिना चढली तरी दम लागायचा, पर ऐकती कुठं! मेघावती मीच करणार म्हणून..."

मी दोन्ही कॅसेट त्यांना ऐकवल्या. आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले.

"म्हंजे चालीत न्हाईच ते," शेवटी ते म्हणाले. "पोरींना उगंच बोललो की मी."

मला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आईला दम माझ्यामुळं लागला होता, आणि ती थांबली होती तिथं आप्पा अजून रोज थांबत होते.

प्रयोगात मेघावती स्नेहल झाली. आप्पा दिसतील अशी मी पहिल्या रांगेत बसले. निरोपाचं पद आलं. दुसरी ओळ संपली तेव्हा मी श्वास रोखला होता. आप्पांचे पाय भात्यावर चालतच राहिले. स्नेहल सरळ तिसऱ्या ओळीवर गेली, वरचा षड्ज लागला आणि टाळ्या पडल्या.

वाजवता वाजवता आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.